गिरसप्प्याची राणी

"आक्का, ते कार्ड उलटं ठेवलंय तुम्ही," मी म्हणालो.

"असू दे की," चंपाक्का म्हणाल्या आणि त्यांनी दाभणात दोरा ओवला.

सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. मी तेव्हा बेळगावातल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवत होतो. शाळेच्या बावीस नकाशापुस्तकांची पानं सुटली होती, ती बांधून घ्यायला मी खडेबाजाराच्या मागच्या बोळात चंपाक्का बिर्जे यांच्याकडे गेलो होतो. त्यांचे यजमान परशराम बिर्जे गावातले जुने बाइंडर. ते गेल्यावर लोकांना वाटलं होतं, बाई दुकान बंद करतील. बाईंनी दुकान बंद केलं नाही. दाभण, दोरा, खळीचं पातेलं आणि दाबाचं लोखंडी यंत्र, सगळं होतं तिथंच राहिलं. फक्त यजमानांच्या जागेवर त्या बसायला लागल्या.

त्या जागेच्या अगदी समोर, डोळ्यांच्या रेषेत एक फळी होती. तिच्यावर खळीचं पातेलं आणि पातेल्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेलं एक जुनं पोस्टकार्ड. चित्र भिंतीकडे, मागची बाजू आपल्याकडे. माणसं देवाच्या तसबिरी लावतात, नट्यांचे फोटो लावतात, पण पोस्टकार्डाची मागची बाजू कुणी मांडून ठेवलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

पण मी जागचा हललो तो त्यामुळे नाही. मधोमध उभी रेघ, वर वेलबुट्टीत छापलेली अक्षरं, आणि खाली डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढा आकडा. चव्वेचाळीस. मी तीन वर्षं ह्या आकड्याच्या मागे होतो. मी सरळ हात घातला आणि कार्ड फिरवलं. गिरसप्प्याचा धबधबा. चार धारांपैकी शेवटची, राणी. पिवळसर आभाळाखाली कड्यावरून झिरमिळ्यांसारखी खाली येणारी.

चंपाक्कांनी दाभण खाली ठेवलं. पदराला हात पुसले, माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि पुन्हा होतं तसं उलटं ठेवलं.

आता माझ्या वेडाबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्याकडे जुन्या पोस्टकार्डांवरचे एकसष्ट धबधबे होते. नायगारा तीन कोनांतून, व्हिक्टोरिया, गोकाक, शिवसमुद्रम, नॉर्वेतले दोन, ज्यांची नावं मला अजून नीट म्हणता येत नाहीत. सगळी कार्डं सन एकोणीसशे ते तीसच्या दरम्यानची, हाताने रंगवलेली. रंगवणाऱ्यांनी जन्मात धबधबा पाहिला नसावा, कारण काहींनी पाणी निळीत बुडवून काढल्यासारखं रंगवलं होतं. तसा गिरसप्पा मीही पाहिलेला नव्हता. घाटात मला गाडी लागते. माझी बायको शालन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "घरात नळाला धार नाही आणि आमच्या ह्यांच्याकडे एकसष्ट धबधबे आहेत."

गिरसप्प्याची चार कार्डांची मालिका होती. एक्केचाळीस राजा, बेचाळीस रोअरर, त्रेचाळीस रॉकेट आणि चव्वेचाळीस राणी. पहिली तीन माझ्याकडे होती. दर जानेवारीत कोल्हापूरला टपाल तिकिटांचं आणि जुन्या कार्डांचं प्रदर्शन भरायचं. मागच्या खेपेला मी तिथं धबधबे मांडले आणि राणीची जागा रिकामी ठेवली. वाटलं, परीक्षक प्रामाणिकपणाचं कौतुक करतील. मुख्य परीक्षकांनी काचेवर बरोबर त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "राणी कुठं गेली? माहेरी?" सगळं सभागृह हसलं. मी वर्गात एवढ्या मुलांना हसलो असेन, पण माझ्यावर एवढी माणसं एकदम हसल्याचं मला आठवत नव्हतं. वर्षभर तो हसण्याचा आवाज माझ्या कानात होता. यंदा ती जागा भरून काढायचीच, हे मी ठरवून टाकलं होतं.

"आक्का, हे कार्ड मला द्याल का?" मी विचारलं. "बदल्यात तुम्हाला हवं ते दुसरं चित्र देतो."

"नाही वो सर."

"बरं, चार दिवसांसाठी? कोल्हापूरला प्रदर्शन आहे. मांडतो आणि परत आणून देतो."

"मला लागतंय ते."

"कशाला?"

"बघायला."

"उलटं?"

त्यांनी नकाशापुस्तकाची पानं ठोकून सारखी केली आणि म्हणाल्या, "पुस्तकं पंधरा दिवसांनी होतील."

पंधरा दिवस वाट बघायला मला कुठला धीर. मी चौथ्या दिवशी गेलो. बरोबर एका औषध कंपनीचं मोठं गुळगुळीत कॅलेंडर नेलं, बारा महिन्यांचे बारा धबधबे. म्हटलं, बाईंना धबधबा बघायचा असेल तर रंगीत बघू दे. त्यांनी कॅलेंडर हातात घेतलं, कागद बोटांत चोळून पाहिला आणि "चांगलं आहे" म्हणाल्या. मी खूश होऊन घरी आलो. पुढच्या खेपेला पाहिलं तर आमच्याच नकाशापुस्तकांच्या पुठ्ठ्यांना आतून ते धबधबे अस्तर म्हणून लावले होते. जुलै महिना आफ्रिका खंडाला चिकटवला होता.

तिसऱ्या खेपेला मी शालनला घेऊन गेलो. बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकेल, असा माझा हिशेब. दोघींच्या गप्पा रंगल्या. लोणच्याच्या फोडीपासून माझ्या चिडकेपणापर्यंत सगळं झालं. मी मधेच खाकरून कार्डाकडे खूण केली. शालनने कार्डाकडे पाहिलं, चंपाक्कांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "त्यांचं आहे ते. त्या उलटं ठेवतील नाहीतर आडवं ठेवतील. तुम्हाला काय करायचंय?"

परत येताना मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, ह्याचा आणखी राग आला. त्या बाईंना त्या कार्डाची काडीची किंमत नाही, असं माझं ठाम मत झालं होतं. जी वस्तू मी काचेखाली ठेवली असती ती त्यांनी खळीच्या पातेल्याला टेकवून ठेवली होती, तीही तोंड भिंतीकडे करून. आणि वर म्हणे, बघायला लागतंय.

चौथ्या खेपेला मी मुद्दाम माझं राजाचं कार्ड नेलं आणि भिंगही नेलं. भिंग चांगलं होतं, पितळी कडीचं. चंपाक्कांना मी राजाच्या कार्डावरचा टपालाचा शिक्का दाखवायला लागलो. म्हटलं, बाईंना कळू दे, मी काही ऐरागैरा नाही.

"ह्यानं काय काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. माझ्या छंदाबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता, त्यामुळे मी फुललो.

"काय दिसत नाही ते विचारा. शिक्का अर्धा असू दे, फाटलेला असू दे, मी गाव सांगतो. कोल्हापूरला एकाच्या कार्डावर नुसतं अर्धं वर्तुळ आणि दोन अक्षरं होती. मी म्हटलं सावंतवाडी. निघाली सावंतवाडीच."

"पुसट झालेलं पण वाचता येतंय?"

"पुसटच तर वाचायचं असतं. स्पष्ट काय, कुणीही वाचतं."

त्या जरा वेळ दोरा मेणावर ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे भिंग मला द्याल काय? आठ दिवस?"

द्यायचं जिवावर आलं होतं. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं, कारण मी स्वतःच त्यांच्याकडे मागायला आलेला माणूस. दिलं. पोथी वाचायची असेल किंवा तांदूळ निवडायचे असतील, असं मनाशी म्हटलं आणि आठ दिवस भिंगावर खळ सांडल्याची स्वप्नं पाहिली.

आठव्या दिवशी भिंग स्वच्छ पुसून, फडक्यात गुंडाळून त्यांनी परत केलं.

"झालं काम?"

"नाही झालं. माझेच डोळे गेलेत म्हणायचं." मग त्यांनी फळीवरचं कार्ड उचललं, पातळ कागदात गुंडाळलं आणि माझ्यासमोर धरलं. "न्या. चार दिवसांनी परत पाहिजे. जसंच्या तसं."

मी इतका चकित झालो की हात पुढे करायचंच विसरलो.

"जसंच्या तसं, आक्का. अगदी शब्द देतो."

"आणि नीट बघा. दोन्ही अंगांनी बघा. तुम्हाला कळतंय त्यातलं."

मला वाटलं, नंतर कोपरा दुमडला, डाग पडला अशी भानगड नको म्हणून बाई आधीच तपासून घ्यायला सांगताहेत. चार पिढ्यांच्या दुकानदाराला शोभेल असा चोख व्यवहार. मी मान डोलावली आणि घराकडे अक्षरशः पळत सुटलो.

गुरुवारची रात्र होती. जेवण उरकून मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि कार्ड काढलं. राणीला आधी डोळे भरून पाहिलं. मग कार्ड उलटं केलं. मजकूर लिहायच्या डाव्या भागात पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या, पुसट, वेड्यावाकड्या.

जुनी कार्डं जमवणाऱ्या कुणालाही विचारा, पेन्सिल ही आमच्या घरची पीडा आहे. विकणारे लोक प्रत्येक कार्डाच्या पाठीवर आपापल्या खुणा करून ठेवतात. आकडे, फुल्या, गिरगोट्या. कार्ड घरी आलं की पहिलं काम म्हणजे मऊ रबराने ते पुसणं आणि दुसरं काम म्हणजे कार्ड सरळ व्हावं म्हणून दोन दिवस जड पुस्तकांखाली दाबून ठेवणं. जेवायला बसण्याआधी हात धुवावेत तसं हे माझ्याकडून व्हायचं. त्यात विचार नसायचा.

शालन भांडी घासून आली. म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू आहे. फार हात लावू नका."

"साफ करून देतोय. उपकारच आहेत," मी म्हणालो आणि रबराचा चुरा फुंकरीने उडवला. मग पातळ कागदात घालून राणीला दोन जाड शब्दकोशांखाली ठेवलं. त्यावर पितळी डबा ठेवला. त्यातही माझं समाधान झालं नाही, म्हणून डब्यात शालनचा अडकित्ता आणि खलबत्ता घातला.

खरं तर पाठ कुणाला दिसणारच नव्हती. चौकटीत कार्डाचं फक्त तोंड दिसतं. हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

कोल्हापूरचं सगळं तुम्हाला थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच संपलं. चौकटीत राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी ओळीने बसली. मी नवा शर्ट घालून शेजारी उभा राहिलो. तेच मुख्य परीक्षक आले. "आली का राणी," म्हणाले. माझी छाती फुगली. मग ते खाली वाकले, चष्मा कपाळावर सारला आणि काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिले.

"मास्तर, ही आधीच्या छपाईची आहे. तुमची ती तिघं नंतरची. आभाळ बघा. हिचं पिवळं, त्यांचं गुलाबी. मालिका जुळत नाही."

मी म्हणालो, "पण आकडा चव्वेचाळीसच आहे."

"आकडा आहे हो. आभाळ नाही."

मला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. त्यावर नाव घालायचं राहिलं होतं. मी विचारायला गेलो तर तिथला माणूस म्हणाला, "तुम्हीच घाला, अक्षर बरं असेल तुमचं." परतीच्या गाडीत निपाणीपर्यंत मी त्या परीक्षकांशी मनातल्या मनात भांडलो आणि निपाणीनंतर चंपाक्कांशी. एवढे हेलपाटे घालून, एवढी मनधरणी करून मिळवलेली राणी, आणि तिचं आभाळ पिवळं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेलो. नकाशापुस्तकं तयार होती, दोरीने बांधून कोपऱ्यात ठेवलेली. मी कार्ड पुढे केल्याबरोबर चंपाक्का उठल्या. मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि मगच कार्ड घेतलं. चित्राकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ पाठ वर केली.

मग त्या दारात गेल्या. उजेडात कार्ड तिरपं केलं, सरळ केलं, पुन्हा तिरपं केलं. परत आल्या.

"सर, हे दुसरं कार्ड आहे."

"नाही हो आक्का. तेच आहे. हा बघा, इथला कोपरा बोथट आहे."

"मग ह्याच्यावर लिवलेलं कुठं गेलं?"

"लिहिलेलं? त्या रेघोट्या होय?" मला अजून काही उमगलं नव्हतं. उलट जरा अभिमानच होता. "त्या पुसून टाकल्या मी. छान साफ करून आणलंय."

चंपाक्का खाली बसल्या. दाभणाच्या जागेवर नाही, तिथंच, नकाशापुस्तकांच्या गठ्ठ्यावर.

"पुसलासा?"

"आमच्यात पुसतात तसं," मी म्हणालो.

त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं आणि त्यावर तळहात ठेवला. मग त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

"ह्यांचं मिरजेला घशाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर बोलता येईना. मग पाटी दिली. तिच्यावर लिहायचे. पाणी दे. उशी काढ. दुकानाला कुलूप नीट लावलीस काय. सगळं लिहायचे. त्या दिवशी पाटी शेजारच्या खाटेवर कुणीतरी नेली होती. मी खाली चहा आणायला गेले. वर आले तर सगळं संपलेलं. हे कार्ड त्यांच्या छातीवर होतं. पोथीत खुणेला घातलेलं असायचं. पेन्सिल खाटेखाली पडली होती."

त्यांनी कार्डावरून तळहात फिरवला.

"काहीतरी सांगायचं होतं त्यांना. त्याशिवाय पोथीतलं कार्ड ओढून काढलं नसतं. अकरा वर्षं झाली, काम करता करता बघतेय. काही वाटतं, मग वाटतं, नाही, तसं नाही. दिराला दाखवलं. जावयाला दाखवलं. सगळे म्हणाले, हात थरथरत असेल, रेघोट्या आहेत नुसत्या. म्हणून मग दाखवायचंच सोडलं."

मी ह्यानंतर जे केलं त्याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते. मी चिडलो. स्वतःवर चिडायला हवं होतं, ते जमलं नाही म्हणून त्यांच्यावर चिडलो. आवाज चढवून म्हणालो, "मग हे आधी सांगायचं नाही का मला? एवढं महत्त्वाचं होतं तर एक शब्द बोलायचा होता!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही पण दयेनं काहीतरी वाचला असता, नाहीतर रेघोट्या म्हणाला असता. न सांगता बघाल तर खरं काय ते वाचाल, असं वाटलं. अर्ध्या शिक्क्यावरनं गाव ओळखता म्हणालासा की. दोन्ही अंगांनी बघा म्हटलं होतं मी."

म्हटलं होतं. त्यांचे शब्दसुद्धा मला जसेच्या तसे आठवत होते.

"पुसायच्या आधी बघितलाच असाल तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि आता पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय होतं ते?"

भूगोलाच्या मास्तराला एक गोष्ट येते. मी डोळे मिटून फळ्यावर आफ्रिकेचा किनारा काढायचो, एक आखात चुकायचं नाही. चंपाक्कांनी खळीचे डाग पडलेला एक कागद आणि पेन्सिल माझ्यासमोर सरकवली. मी एक आडवी रेघ काढली. ती होती, एवढं नक्की. तिच्या खाली काहीतरी वेटोळं होतं. की दोन होती? उभा दांडा रेघेला लागलेला होता की खाली सुटा होता? मी त्या रेघोट्यांकडे पाहिलं होतं ते रबर कुठून चालवायचं ते ठरवण्यापुरतं. पेन्सिल आडव्या रेघेच्या शेवटी टेकवून मी नुसता बसून राहिलो.

त्या क्षणी खोटं बोलणं किती सोपं होतं. 'चंपा' लिहिलं होतं, असं म्हणता आलं असतं. 'जपून राहा' म्हणता आलं असतं. माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला असता, पितळी भिंगवाला माणूस मी. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ज्या बाईने अकरा वर्षं त्या रेघांमधून स्वतःला सोयीचं काही वाचून घेतलं नव्हतं, तिला मी ते वाचून दाखवणार होतो. मला जमलं नाही.

"मी वाचलं नाही, आक्का," मी म्हणालो. "मी बघितलंच नाही."

मग मला एकदम आठवलं. पेन्सिल पुसली तरी दाब राहतो. कागदावर चर उमटलेली असते, उजेडात तिरपं धरलं की दिसते. मी जवळजवळ ओरडलोच, "थांबा, एक उपाय आहे!" कार्ड घेऊन मी दारात धावलो, भिंग काढलं, कार्ड ह्या बाजूने, त्या बाजूने तिरपं केलं. पाठ आरशासारखी सपाट होती. दोन शब्दकोश, पितळी डबा, अडकित्ता आणि खलबत्ता. मी स्वतःच्या हातांनी ती चरसुद्धा मोडून टाकली होती. दारातल्या उजेडात उभं राहून मला रडावंसं वाटलं आणि भिंग गटारात फेकावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही.

परत आत येऊन मी म्हणालो, "तुम्ही रोज बघत होता. तुम्हाला डोळ्यांसमोर असेल. तुम्ही काढून ठेवा ना. मी कागद धरतो."

त्यांनी पेन्सिल घेतली. मी काढलेल्या आडव्या रेघेच्या शेजारी टोक टेकवलं. हात जरा पुढे गेला आणि थांबला. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मी काढलं तर ते माझं अक्षर होईल," त्या म्हणाल्या.

बोळात कुणाची तरी सायकल ठेवल्याचा आवाज झाला. कुणी लग्नपत्रिकांचं विचारायला आलं होतं, चंपाक्कांनी बसल्या जागेवरून "उद्या या" म्हणून सांगितलं. मग त्या उठल्या, मला वाटलं कार्ड फळीवर ठेवायला. त्यांनी ते पातळ कागदात गुंडाळलं, पहिल्यासारखंच, कोपरे नीट दुमडून, आणि माझ्या नकाशापुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"घेऊन जा."

"आक्का, नको. मी कुठल्या तोंडानं..."

"घेऊन जा वो सर. मी चित्र कधी बघितलंच नाही. आता नुसता धबधबा राहिलाय. तो तुमचाच आहे."

मी घेतलं. नाही घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटलं आहे. शालनला सगळं सांगितलं तेव्हा ती मला काही बोलली नाही, आणि ते फार वाईट होतं. आठवड्याभराने ती एकटीच चंपाक्कांकडे जाऊन आली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. नंतरही शाळेची पुस्तकं त्यांच्याकडेच जात राहिली. मी गेलो की त्या "बसा की वो सर" म्हणायच्या, चहा करायच्या. फळीवर खळीचं पातेलं तेवढं असायचं. काम करता करता त्यांची मान सवयीने वर व्हायची आणि पातेल्याशेजारच्या मोकळ्या जागेवर जरा थांबून परत खाली यायची.

त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं कार्डं जमवणं हळूहळू सुटलं. एकसष्टातली बरीचशी देऊन टाकली. मध्ये एकदा, सेवानिवृत्तीनंतर, जुन्या मंडळींनी आग्रह केला म्हणून कोल्हापूरला गिरसप्प्याची मालिका तेवढी मांडली होती. राजा, रोअरर, रॉकेट आणि चौथं कार्ड. परीक्षक नवा, तरुण होता. तो एकेका कार्डावरून पुढे सरकत शेवटच्या चौकोनाशी थांबला आणि त्याने काचेवर बोट ठेवलं. काचेआड पिवळट पडलेला कोरा कागद होता, मधोमध उभी रेघ आणि खाली मुंगीएवढा आकडा.

"सर, हे कार्ड उलटं लागलंय तुमचं."

"असू दे," मी म्हणालो.